मामाच्या मित्राचे गाल

४ ऑगस्ट

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन करता आला असता, पण आमच्या घराच्या भिंती तुला ठाऊकच आहेत. मी बाहेरच्या खोलीत शिंकलो तरी तुझी मामी आतून विचारते, "गार पाण्यात किती वेळ उभा होतास?" तेव्हा काही गोष्टी कागदावरच बऱ्या. उत्तर पोहण्याच्या तलावाच्या पत्त्यावर पाठव. घरी नको.

काम माझं नाही. माझा एक मित्र आहे, तू त्याला ओळखत नाहीस. वयाने माझ्याएवढाच, छप्पन्नच्या आसपास. तरुणपणी पुटकुळ्यांनी त्याच्या तोंडावर धुमाकूळ घातला आणि जाताना गालांवर खड्डे ठेवून गेल्या. परवा त्याने कुठेतरी वाचलं की हल्ली लेझरने चेहऱ्याची त्वचा नव्याने घडवतात. मी म्हटलं, माझी भाची त्वचेची डॉक्टर आहे, तिला विचारतो. तर त्याचे प्रश्न असे: खड्डे खरंच जातात का? दुखतं का? आणि एका दिवसात उरकतं का, कारण त्याला रजा नसते.

बाकी इकडे स्पर्धेची तयारी जोरात. लहान मुलांच्या गटात एक पठ्ठ्या असा आहे की शिट्टी वाजली की सगळे पाण्यात उडी मारतात आणि हा बाहेर येतो. त्याला मी 'उलटा' असं नाव ठेवलंय.

घाई नाही. पण लवकर लिही.

तुझा,
मामा

११ ऑगस्ट

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं तेव्हा बाहेर पेशंटची रांग होती आणि टेबलावर चहावर साय धरत होती. तरी आधी पत्र वाचलं. तुझ्या मित्राला माझा नमस्कार सांग. त्याच्या उजव्या गालावर, कानाच्या पाळीखाली, तीन खोल खड्डे एका ओळीत आहेत का? कारण लहानपणी एका माणसाच्या मांडीवर बसून मी तसल्या खड्ड्यांत करंगळी घालायचे आणि तो "गुदगुल्या होतात गं" म्हणून ओरडायचा. पण तू म्हणतोस मी त्याला ओळखत नाही. मग नसेनच ओळखत.

आता त्याच्या प्रश्नांकडे. लेझर म्हणजे चेहऱ्यावरून फिरवायची इस्त्री नव्हे. सरळ सांगायचं तर आम्ही मुद्दाम जखम करतो. अगदी बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी असंख्य भोकं पाडतो आणि मधली मधली त्वचा शाबूत ठेवतो. ती शाबूत त्वचा भोकं भरून काढते आणि भरताना आतून नवं बांधकाम होतं. या बांधकामाला महिने लागतात. त्याने खड्डे उथळ होतात. पुसले जात नाहीत. अरुंद आणि खोल खड्डे तर लेझरला फारशी दाद देत नाहीत, त्यांना दुसरे उपाय करावे लागतात. "चेहरा लोण्यासारखा करून देतो" असं जो म्हणेल त्याच्याकडून तुझ्या मित्राने चपला घालून निघावं.

दुखतं का? बधिर करणारं मलम लावून ठेवतात, तरी गरम टाचण्या टोचल्यासारखं वाटतं. एका दिवसात उरकतं ते यंत्राचं काम. मग चेहरा लाल होतो, सुजतो, पाझरतो, खपल्या धरतो. साधारण आठवडाभर माणसाने घरातच बसावं. लाली त्यानंतरही बराच काळ राहते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला जखम झाली की ती काळा डाग ठेवून जायला टपलेली असते. म्हणून आमच्याकडे कमी जोराने आणि जास्त वेळा करतात, आणि आधी कानाजवळच्या चिमूटभर जागेवर करून बघतात. ऊन तर पक्का शत्रू. आधीही आणि नंतरही. तुझा मित्र उन्हात काम करतो का रे?

चिमणी

१६ ऑगस्ट

प्रिय चिमणे,

फार छान समजावलंस. मित्र खूश झाला. उन्हात काम करतो का म्हणशील तर, करतो थोडंफार.

खड्ड्यांबद्दल त्याला विचारलं. तो म्हणाला, तीनच काय, बरेच आहेत.

एक गंमत. आमच्या तलावावरून बाजारात जाताना वाटेत एक नवीन सौंदर्य केंद्र निघालंय. दारावर मोठा फलक: "दुपारच्या सुट्टीत नवा चेहरा!" मित्राने आत जाऊन चौकशी केली. ते म्हणाले, आठवडाभर घरी बसायचं वगैरे जुन्या यंत्रांचं झालं, यांचं यंत्र नवीन आहे. त्याने पुढच्या शनिवारी दुपारची वेळ घेऊन टाकली. तेवढं सांग, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना पोहायला… म्हणजे कामावर जाता येईल ना?

मामा

१९ ऑगस्ट

मामा,

हे पत्र तुझ्या हातात शनिवारच्या आत पडावं म्हणून दवाखान्यातून स्वतः पोस्टात जाऊन टाकते आहे. मित्र पुरे. मुलांना पोहायला शिकवणारा, गालावर खड्डे असलेला, तलावाच्या पत्त्यावर पत्रं घेणारा माणूस जगात एकच आहे आणि तो माझ्या आईचा भाऊ आहे.

शनिवारी जायचं असेल तर जा, पण चेहरा पुढे करण्याआधी तोंड उघड. विचार, यंत्र कोण चालवणार, आणि तो माणूस त्वचेचा डॉक्टर आहे का. तुझ्या रंगाच्या किती जणांचं त्याने केलंय, आणि त्यांचे काही महिन्यांनंतरचे फोटो बघायला मिळतील का. आधी छोट्या जागेवर करून बघणार का. डोळ्यांना काय संरक्षण देणार. काही बिनसलं तर रविवारी फोन कोण उचलणार. आणि त्यांनी तुला काय विचारलं तेही लक्षात ठेव. तू कुठली औषधं घेतोस, जखमेचा व्रण जाड होतो का, ओठांवर फोड येतात का, उन्हात किती असतोस, यातलं काहीच न विचारता जो यंत्र सुरू करतो, त्याला तुझी त्वचा कळलेली नाही.

रोज सकाळी उघड्या तलावाच्या काठी उभा राहणारा माणूस, आणि स्पर्धेच्या तोंडावर लेझर! मी तुझी विद्यार्थिनी असते आणि असं काही ठरवलं असतं, तर तू मला काठावरून ढकलून दिलं असतंस.

कळव. लगेच.

चिमणी

२७ ऑगस्ट

प्रिय चिमणे,

बरं. मीच तो.

शनिवारी गेलो होतो. तुझं पत्र घडी घालून खिशात ठेवलं होतं. आत गारेगार, मंद संगीत, आणि काउंटरवर एक बाई, जिच्या गालांवरून दिव्याचा उजेड परतून माझ्या डोळ्यांत येत होता. मी विचारलं, "लेझर कोण करणार?"

"आमच्या एक्स्पर्ट आहेत ना, सर."

"डॉक्टर आहेत?"

"कोर्स केलाय त्यांनी."

"कसला?"

तिने काउंटरवरची पत्रकं सरळ केली. "केसांचा. पण हात फार हलका आहे."

मी फोटो मागितले. तिने एक अल्बम आणला. त्यातली सगळी माणसं दुधासारखी गोरी आणि परदेशी. मी म्हटलं, "माझ्या रंगाचं कोणी?" तर म्हणे, "रंगाचा काही प्रश्न येत नाही सर, मशीन इम्पोर्टेड आहे." डाग पडले तर? "नाही पडत." आणि डोळ्यांवर काय ठेवता? तर हसून म्हणाली, "डोळे मिटायचे, सर."

तिथे मी उठलो. तीस वर्षं पोरांना पाण्यात उतरवतोय मी. "काही होत नाही" म्हणणाऱ्या माणसाला मी तलावाच्या काठावरसुद्धा उभा करत नाही.

आता हे सगळं डोक्यात कुठून आलं ते सांगतो. हसू नकोस.

माझ्याकडे एक मुलगी आहे, सतरा वर्षांची. मी तिला मासोळी म्हणतो. तिच्याइतकं वेगवान पोर माझ्या हाताखाली आलेलं नाही. गेल्या वर्षापासून तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, मोठाल्या, दुखऱ्या. आधी ती गालांवर केस ओढून यायला लागली. मग पोहण्याची टोपी घातली की गाल उघडे पडतात म्हणून उशिरा यायला लागली. मग यायचीच बंद झाली. जुलैमध्ये तिच्या कपाटाची चावी परत करायला आली, तेव्हा मी तिला थांबवलं. आपलं नेहमीचं, छाती पुढे काढून म्हणालो, "अगं, चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस! माझ्याकडे बघ. माझं काही अडलं का?"

तिने बघितलं. इतक्या नीट आजवर माझ्याकडे कुणी बघितलं नसेल. आणि अगदी हळू म्हणाली, "सर, म्हणजे माझे पण असेच राहणार?"

मग रडायला लागली. चावी तिच्याच हातात परत दिली आणि घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. वाटलं, माझे खड्डे गेलेले तिला दिसले, तर तिचा विश्वास बसेल आणि ती परत येईल.

हे असं आहे. तुझ्या मामीला यातलं काही माहीत नाही.

मामा

३ सप्टेंबर

प्रिय मामा,

हसले नाही. वाचून झाल्यावर लगेच कागद पुढे ओढला.

पण तू दोरी चुकीच्या टोकाला धरली आहेस. तुझे खड्डे चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत, ते आणखी सहा महिने थांबले तरी चालतील. मासोळीच्या पुटकुळ्या आज पेटलेल्या आहेत. त्या आज विझवल्या तर तिच्या गालावर खड्डे पडणारच नाहीत, किंवा फारच थोडे पडतील. तुझ्या वेळी तुला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, "वयाबरोबर जातील" म्हणाले. तिच्या बाबतीत तसं होऊ देऊ नकोस. पेटलेल्या पुटकुळ्यांवर तिला खड्ड्यांचं लेझर करायचं नाही, तिला आत्ता मलमं आणि गोळ्या लागतील. तुमच्या शहरात माझी वर्गमैत्रीण आहे, तिचा पत्ता सोबत. मासोळीला आईबरोबर तिच्याकडे पाठव. आणि तिला आधीच सांगून ठेव, सुरुवातीचे काही आठवडे आहे त्याहून वाईट दिसेल, मग उतरेल. हे न सांगितल्यामुळे निम्मी मुलं औषध अर्ध्यावर सोडतात.

आता तुझं. तिच्यासाठी लेझर करून घेऊ नकोस. ज्याला स्वतःला हवंय त्यालाच आमच्या मॅडम, म्हणजे दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टर, हात लावतात, कारण सुजलेल्या तोंडाने घरी बसायची वेळ आली की दुसऱ्यासाठी केलेली गोष्ट फार जड जाते. तुला स्वतःला हवंय का? प्रामाणिकपणे सांग. हवं असेल तर स्पर्धा संपल्यावर इकडे ये. मी करणार नाही, घरच्या माणसावर मी यंत्र धरत नाही. मॅडम करतील. आजपासूनच रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन, आणि सावलीत उभं राहून ओरडायचं.

मागच्या पत्रातलं आता तूच सांग: औषधं? जाड व्रण? ओठांवर फोड?

आणि मामीला सांग रे.

चिमणी

२१ सप्टेंबर

प्रिय चिमणे,

मासोळी आईबरोबर जाऊन आली. तुझी मैत्रीण तिला म्हणाली, "तू अगदी वेळेत आलीस." हे वाक्य ती मला दोनदा सांगून गेली. पोहायला मात्र अजून येत नाही. म्हणते, आता जास्तच फुलल्यात. मी म्हटलं, फुलणारच, तसं ठरलंय.

मला हवंय का? दोन आठवडे विचार केला. हवंय. आमच्या प्रत्येक गटाच्या फोटोत मी कडेला, मान वळवून असतो. विद्यार्थ्यांना वाटतं सरांचं लक्ष पाण्याकडे असतं. पाण्याकडे बघायला काय, मी तीस वर्षं बघतोय. मला एकदा सरळ बघायचंय.

औषधं काही नाहीत. व्रण जाड होत नाही, गुडघ्याला टाके पडले होते ते साफ बसले. ओठांवर फोड वगैरे कधीच नाही.

टोपी घेतली. 'उलटा' म्हणाला, "सर, तुम्ही मशरूम दिसता."

मामीला सांगतो, वेळ बघून.

मामा

२ ऑक्टोबर

प्रिय चिमणी,

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून समजून घे की गोष्ट गंभीर आहे. फोनवर बोलता येत नाही, कारण तुझा मामा हल्ली सारखा घरात असतो.

तुझ्या मामाचं काहीतरी चाललंय.

छप्पन्न वर्षांत ज्या माणसाने तोंडाला साबणाशिवाय काही लावलं नाही, तो सकाळी न्हाणीघराचं दार लावून पांढरं क्रीम थापतो. नवी टोपी घेतली. आरशात बघतो आणि मी आले की खिडकीबाहेर बघतो. परवा त्याच्या पिशवीतून पाकीट खाली पडलं, तलावाच्या पत्त्यावर आलेलं. मी दुसऱ्याची पत्रं उघडत नाही, पण पाकिटावरचं अक्षर बाईचं आहे. गिचमिड. फारशी शिकलेली दिसत नाही.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते, चेहरे मला वाचता येतात. हा काहीतरी दडवतोय. पुरावा म्हणजे ओठाच्या कोपऱ्यात पुन्हा ते पाण्याच्या फोडांचे झुपके आलेत. मनाला ताण दिला की याला हमखास येतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा आले होते, घर बांधलं तेव्हा आले होते, दरवर्षी स्पर्धेच्या आधी येतात.

तू त्याची लाडकी. तुला काही बोललाय का? खरं सांग, मी रडणारी नाही. आधी त्या बाईला बघेन.

तुझी मामी

५ ऑक्टोबर

मामा,

मामीचं पत्र आलं. तुझ्या आयुष्यात एक गिचमिड अक्षराची, फारशी न शिकलेली बाई आहे असा तिचा संशय आहे. सहा वर्षं वैद्यकीय शिक्षण आणि वर तीन वर्षं त्वचेचं, आणि पदरात हे पडलं.

पण तिने रागाच्या भरात जे लिहिलं त्याने तुझा चेहरा वाचवला आहे. ओठांवर फोड कधीच नाही? दरवर्षी येतात म्हणे, आत्ताही आहेत! मामा, हे परीक्षेतले प्रश्न नव्हेत की बरोबर उत्तर दिलं की पास. ते फोड एका विषाणूचे असतात आणि तो जन्मभर आत झोपून राहतो. लेझरने चेहरा सोलवटला की तो जागा होऊ शकतो आणि ओठाच्या कोपऱ्यात न थांबता सबंध गालभर पसरू शकतो. मग आहेत त्या खड्ड्यांत नव्या व्रणांची भर. उपाय अगदी सोपा आहे. फोड पूर्ण बरे होईपर्यंत थांबायचं, मग लेझरच्या आधीपासून त्वचा भरेपर्यंत गोळ्या घ्यायच्या. पण डॉक्टरला माहीत असेल तरच ना! मॅडमना सांगितलं आहे. तुझी लेझरची तारीख नोव्हेंबरमध्ये गेली.

मला कळतंय तू का लपवलंस. वाटलं असेल, ही नाही म्हणेल. नाही म्हणणार नव्हते, थांब म्हणणार होते.

मामीला मी काहीही कळवलेलं नाही, पेशंटची गोष्ट मी सांगू शकत नाही. तू सांग. आज. हे पत्र खिशात घालायच्या आधी.

चिमणी

१२ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

सांगितलं. पत्र वाचून तलावावरून तडक दुकानातच गेलो. ती एका आजोबांच्या कानामागे फ्रेमची दांडी वाकवत होती. आजोबा जाईपर्यंत धीर टिकणार नाही असं वाटलं म्हणून त्यांच्यासमोरच म्हणालो, "मला चेहऱ्याचं लेझर करून घ्यायचंय. पत्रं चिमणीची आहेत."

तिने आधी आजोबांची फ्रेम पूर्ण केली, त्यांना आरसा दिला, दारापर्यंत सोडलं. मग खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली आणि मग मला कळेना की हे कुठलं पाणी. मी म्हटलं, "तुला काय वाटलं होतं?" ती म्हणाली, "ते आता सांगणार नाही. तुझा भाव वाढेल."

मग रागावली. फोडांवरून नाही, लपवण्यावरून. "मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "तू म्हणाली असतीस, आहेस तसा बरा आहेस."

"म्हणालेच असते. आणि मग तुझ्याबरोबर तिकडे आले असते."

ती येते आहे. तुझ्या अक्षराबद्दल तिने शब्द परत घेतलेले नाहीत. म्हणाली, डॉक्टर असली म्हणून काय झालं.

स्पर्धा आटोपली. आमच्या मुलांनी चांगलं केलं. मासोळी प्रेक्षकांत बसली होती, शेवटच्या रांगेत.

मामा

१९ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

काल लेझर उरकून घरी पोचलो. प्रवासात रुमाल बांधला होता तरी समोरच्या बाईंनी जागा बदलली. मामीने मागून त्यांना समजावलं, "लागण होणारं नाही हो, हौस आहे."

तुझ्या घरी होतो तेव्हा तू होतीस म्हणून बरं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळेच उघडेनात तेव्हा मी बोंब मारली असती. तू आधी सांगितलं होतंस की सूज दुसऱ्या दिवशी वाढते, उशा उंच घे, तरी सांगणं वेगळं आणि स्वतःचं तोंड भोपळ्यासारखं झालेलं चाचपणं वेगळं. मॅडमनी डोळ्यांवर ठेवलेल्या त्या धातूच्या वाट्या मात्र मला फार आवडल्या. अंधारात पडल्या पडल्या ती "डोळे मिटायचे, सर" वाली बाई आठवत होती. टाचण्यांबद्दल तू खरं बोललीस, केस जळाल्याच्या वासाबद्दल बोलली नाहीस.

आता गालांवर तपकिरी दाणे दाणे आलेत, खरखरीत, वाळू चिकटवल्यासारखे. खाजतंय. मामी टेबलाशी बसून माझ्या हातांवर पहारा देते. नख गालाकडे गेलं की फुटपट्टी आपटते. मलम मात्र तीच लावते आणि इतकं हळू लावते की मी झोपतो.

आता खरी बातमी. आज सकाळी बेल वाजली. मामी दुकानात होती, मला वाटलं दूध असेल, तसाच दार उघडायला गेलो. दारात मासोळी. तलावावर कळलं सर आजारी आहेत, म्हणून बघायला आलेली.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तोंडावर मलम चोपडलेलं, खाली वाळू, नाक लालभडक. दार लावून घ्यावं असं वाटलं. तेवढ्यात तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, आणि ती जी हसत सुटली, ती पायरीवरच बसली. म्हणाली, "सर, सॉरी, पण तुम्ही माझ्यापेक्षा वाईट दिसताय."

मी म्हटलं, "तसं ठरलंय."

मग आत येऊन बसली. तिच्या पुटकुळ्या अजून आहेत, पण मोठ्या दुखऱ्या गाठी बसल्यात. तिने सगळं खोदून खोदून विचारलं. दुखलं का, किती जातील, तिला कधी लागेल का. मला जे माहीत होतं ते सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं तिथे "डॉक्टरांना विचार" म्हणालो. मग तिने विचारलं, "लहान मुलांची सकाळची बॅच कोण घेतंय?"

कोणी नाही. जीवरक्षक आहे, पण तो शिकवत नाही. मुलं नुसती डुंबतात.

जाताना तिने कपाटावरची माझी शिट्टी उचलली आणि म्हणाली, "धुवून घेते."

मामा

२५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पत्र मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पेशंटला बघायला येणाऱ्यांना हसायची परवानगी आहे, पेशंटला खपली काढायची नाही.

दाणे आपोआप गळू देत. खाली गुलाबी त्वचा दिसेल, ती नवजात बाळासारखी समज. खाज सुटली तर गार ओला कपडा ठेव. दाढी एवढ्यात नको. तलावाचं पाणी तर तोंडाला लागूच देऊ नकोस, त्वचा पूर्ण भरून मी हो म्हणेपर्यंत. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू दिसला, ताप आला, किंवा कुठे फोडांचा झुपका दिसला तर पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. भिंतींना ऐकू गेलं तरी चालेल.

पुढच्या महिन्यात कुठे काळसर छटा आली तरी घाबरू नकोस. आपल्या त्वचेत ती येऊ शकते, बहुतेक वेळा ओसरते, आणि त्यावर मलम आहे. फक्त ऊन टाळ. आणि आरशात रोज बघू नकोस. आतलं बांधकाम सावकाश चालतं, रोज जाऊन बघितलं तर काहीच हललेलं दिसत नाही.

मासोळीने बॅच घेतली का? हे लगेच कळव. बाकी सगळं सवडीने.

चिमणी

९ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

मासोळीने बॅच घेतली, हे मी डिसेंबरात दोन ओळींत कळवलं होतं, पण कशी घेतली ते आज सांगतो, कारण काल ते पुरतं कळलं.

आधी माझ्या गालांचा हिशेब. डाव्या गालावर काळसर छटा आली होती, तुझ्या मलमाने गेली. खड्डे आहेत. पण उथळ झालेत, कडा मवाळ झाल्यात. कानाखालचे ते तीन जसेच्या तसे आहेत, तू म्हणाली होतीस की ते हट्टी असतात. मॅडम पुन्हा एकदा करू म्हणतात. करेन, पुढच्या हिवाळ्यात. मामीने दुकानातल्या भिंगाखाली धरून तपासलं आणि म्हणाली, "पूर्वी दाढी करताना सात ठिकाणी कापायचास. आता दोन." आणि नाश्त्याला बसली. मला वाटतं ती खूश आहे.

मी डिसेंबरच्या शेवटी तलावावर परत गेलो, तेव्हा मासोळी काठावर उभी होती. केस मागे घट्ट बांधलेले, टोपी घातलेली, चेहरा सगळा उघडा, पुटकुळ्यांचे लाल डाग तसेच. पाण्यात वीस पोरं तिच्याकडे तोंड वर करून बघत होती. कुणी तिच्या गालांकडे बघत नव्हतं. सगळे शिट्टीकडे बघत होते, कारण ती माझ्यापेक्षा कडक आहे. 'उलटा' आता शिट्टीला पाण्यात उडी मारतो. मी पुढे झालो तर ती ओरडली, "सर, ऊन आलंय तिथे! मागे व्हा!" आणि सबंध तलाव हसला. मी मागे झालो.

त्याच आठवड्यात तिने विचारलं, बॅच संपल्यावर मी माझ्यासाठी पोहू का. तुझ्या मैत्रिणीला विचारून ये म्हटलं. ती लगेच विचारून आली. पोहून झाल्यावर गोड्या पाण्याने तोंड धुवायचं आणि मलम लावायचं एवढी अट होती.

काल तिची पहिली शर्यत होती, वर्षभरानंतरची. दुसऱ्या शहरातून आलेल्या मुली होत्या, उंच उंच. मामी आली होती दुकान बंद करून, मोठा काळा चष्मा लावून, आणि शर्यत सुरू झाल्यावर तिने माझा दंड असा आवळला की आज निळा पडलाय. मासोळी पहिल्या फेरीत पुढे होती. वळताना मागे पडली. तिसरी आली.

पाण्यातून वर आली, टोपी काढली, दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अंगावरून पाणी निथळतंय, तोंडावर भर दुपारचा उजेड. मी तयारीत होतो. वर्षभराने आली आहेस, तिसरा नंबर काही कमी नाही, असलं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं.

तिने ते बोलूच दिलं नाही. म्हणाली, "सर, वळताना मी भिंतीपासून लांब राहिले ना?"

राहिली होती. हातभर. मी सांगितलं.

"उद्या सकाळी तेच करू," ती म्हणाली आणि टॉवेल घ्यायला गेली.

आत्ता सकाळ झाली आहे. ती पाण्यात उतरलीसुद्धा, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
मामा